आंबट वासाचे डबे

जुन्या कृष्णधवल फिल्मचा डबा उघडला की जाणता तपासनीस आधी वास घेतो. आंबट वास आला तर फिल्मचा अ‍ॅसिटेटचा पाया सडू लागला आहे. त्यातून सुटणारं अ‍ॅसेटिक आम्ल पुढची सड वाढवतं. फिल्म आक्रसते आणि कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळेनाशी होतात. वासाआधीच रोग हेरायला डब्यात निळी कागदी पट्टी ठेवतात. आम्ल वाढेल तशी ती हिरवी आणि मग पिवळी पडते.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून या सडीशी झुंजतं आहे. पी. के. नायर यांनी ठिकठिकाणांहून डबे जमवून इथला संग्रह उभा केला. फाळक्यांचा 'कालिया मर्दन' (१९१९) आज पाहता येतो तो त्यांच्यामुळे.

त्या काळाची फिल्म नायट्रेटची. ती आधी पिवळसर होते, मग चिकटते, फेसाळते आणि अखेर तांबूस भुकटी होते. चित्र म्हणजे जिलेटिनमध्ये बसलेले चांदीचे कण. पायातून सुटणारं आम्ल दोन्ही पोखरतं. ही फिल्म पेटली तर पाण्यातही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन तिच्यातच असतो. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांचा ठेवा गेला. ही हानी कशानंही भरून येणार नाही.

ओरखड्यांवर मात्र उपाय आहे. प्रत काढताना फिल्म एका द्रवातून नेतात. द्रव पायावरचे चरे भरतो, प्रकाश सरळ जातो आणि रेघ दिसत नाही. पण चरा खोल असेल, चांदीपर्यंत पोचलेला असेल, तर तिथलं चित्र गेलंच. सडलेला पायाही पूर्ववत होत नाही. थंड, कोरड्या खोलीत ठेवून सड लांबवायची आणि वेळेत प्रत काढायची, एवढंच हाती आहे. डिजिटल प्रत झाली म्हणून मूळ निगेटिव्ह टाकून देणं मला साफ चूक वाटतं. पुढे चांगलं यंत्र आलं तर पुन्हा प्रत घ्यायला मूळच लागणार.

फिरत्या टॉकीजच्या प्रिंट जत्रांच्या तंबूंत हजारदा चालल्या, तुटल्या, जोडल्या गेल्या. कासुर्डी, दौंड, शिरूर भागात कुणाच्या माळ्यावर अशा प्रिंटचा डबा असेल तर तो प्रोजेक्टरवर चढवू नका, आगीजवळ नेऊ नका. आंबट वास आला तरी फेकू नका. संग्रहालयाला कळवा, आणि लवकर कळवा.