सामाईक नसलेली भिंत

सीबीडी बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा खिशात मोजपट्टी होती आणि हातात नकाशाची झेरॉक्स. मी वास्तुविशारद नाही. नोकरी हिशेबाची, छंद घरांचे नकाशे वाचण्याचा. नकाशातलं उतरत्या छपराचं बैठं घर शोधत मी दुपारभर फिरलो. जिथे ते असायला हवं होतं, तिथे बहुतेक ठिकाणी स्लॅबचे मजले, ग्रिल आणि रंगीत टाइल्स होत्या. योजना फसली, असा निष्कर्ष काढून मी परतलो. तो निष्कर्ष चुकीचा होता.

चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना १९६५मध्ये ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडली. १९७० साली सिडको स्थापन झाली. शासनाने जमीन संपादित करायची, रस्ते-पाणी पुरवून ती विकायची आणि त्या पैशातून शहर उभारायचं, असं हे गणित. त्या काळी सोव्हिएत रशियात पाच मजली, बिनलिफ्टच्या, तयार काँक्रीट भिंतींच्या इमारती हजारोंनी उभ्या राहत होत्या. शाळा आणि दुकान चालत जाण्याच्या अंतरावर, हे तिथलं सूत्र. नवी मुंबईच्या सेक्टरांची आखणी याच सूत्राच्या नात्यातली. पण तिथलं घर रहिवाशाच्या हाती पूर्ण होऊनच येई. कुटुंब वाढलं तरी भिंत हलत नसे.

१९८३ ते १९८६ दरम्यान साकारलेल्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी नेमकी ही भिंत सोडवली. सुमारे साडेपाच हेक्टर जागा, साडेपाचशेच्या आसपास कुटुंबं; म्हणजे हेक्टरी शंभर, तेही उंच इमारतींविना. सात घरांमध्ये आठ मीटरचा एक चौक. असे तीन गट मिळून एकवीस घरं आणि त्यांच्यामध्ये बारा मीटरचा मोठा चौक. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे, त्यामुळे गरीब आणि सुस्थित यांच्या जागेत फारसं अंतर नाही. आणि कळीची गोष्ट अशी, की दोन घरांत सामाईक भिंत नाही. शेजाऱ्याला न विचारता, त्याच्या घराला धक्का न लावता मजला चढवता यावा म्हणून. मी ज्याला फसणं समजलो होतो, ते योजनेत धरलेलंच होतं. घरं बदलली. दुसऱ्या खेपेला मी चौक मोजले, ते जागेवर होते.

इथेच थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण ही जमीन कुणाची होती? ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या शेतकऱ्यांची, आगरी-कोळ्यांची. या वसाहतीचं काम चालू होतं त्याच काळात, जानेवारी १९८४मध्ये, उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनावर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे विकसित भूखंड परत देण्याची साडेबारा टक्के योजना आली. तोवर गावांतली कुटुंबं वाढत होती आणि गावठाणाची हद्द मात्र तेवढीच होती. मुलाचं लग्न झालं, म्हणून शेजारच्या जागेत खोल्या पडल्या. सरकारदरबारी ती ‘अनधिकृत बांधकामं’, गावकऱ्यांच्या भाषेत ‘गरजेपोटी बांधलेली घरं’.

मुलासाठी वर एक मजला, ही एकच कृती. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये वास्तुकलेचे अभ्यासक तिला ‘वाढतं घर’ म्हणून वाखाणतात. तिथून थोड्याच अंतरावरच्या गावात तिच्यावर नोटीस चिकटते. कोरियांची दृष्टी खोटी होती, असं मी म्हणत नाही. कुटुंब वाढतं आणि घरालाही वाढू द्यावं लागतं, हे त्यांनी ओळखलं. शहराने मात्र ही सवलत नव्याने येणाऱ्याला आराखड्यातच दिली; जमीन देणाऱ्याला ती लढून मागावी लागली.

आता नवी मुंबईत जुन्या वसाहतींच्या पुनर्विकासाचे नकाशे निघत आहेत. ते हाती आले, की मी आधी मजले मोजत नाही. भिंत कुणाची आणि ती हलवायचा हक्क कुणाला, ते शोधतो.