वऱ्हाडची घरे (भाग ५) : भार लाकडावर, भिंत आडोशाला

वऱ्हाडातल्या जुन्या धाब्याच्या वाड्यात छताचा भार सागवानी सांगाडा पेलतो. बहुतेक भिंती केवळ आडोशाच्या असतात. हे साग आले शेजारच्या मेळघाटातून. परतवाडा आजही लाकडाची मोठी बाजारपेठ आहे.

घराचे माप खणात सांगतात. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, साधारण पाच फूट. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी उथळ्यावर उभा करतात. त्यामुळे ओल आणि उधई लाकडाला सहजी लागत नाही. खांबाच्या माथ्यावर सुतार कुसू कोरतो आणि ते तुळईच्या खाचेत ठोकून बसवतो. तुळईवर कड्या, कड्यांवर पाट किंवा किलचा, आणि त्यावर गावठाणातल्या पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर चोपून घट्ट केला की पाणी मुरू देत नाही. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा माजघर थंड राहते ते याच थरामुळे.

सांगाड्याचे खरे मोल कळते ते काळ्या मातीत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावरची भिंत तडकते. लाकडी सांधे मात्र थोडे हलतात, वाकतात आणि छत धरून ठेवतात. पावसात भिंत खचली तरी ती पुन्हा रचता येते. वरचे धाबे उतरवावे लागत नाही.

साध्या घरांत भिंतीऐवजी कुड असतो. पऱ्हाट्या किंवा तुराट्या उभ्या बांधायच्या आणि त्यांवर शेण, माती व कुटार कालवून लिंपायचे. इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घरांची रीतही हीच आहे. चेशायर परगण्यातल्या सोळाव्या शतकातील लिटल मोरटन हॉलचा सांगाडा ओकचा आहे. अशा घरांत दोन खांबांमधली जागा काटक्या विणून, वर माती लिंपून भरत. फरक छपराचा: तिकडे ते उतरते, वऱ्हाडच्या मैदानात पाऊस बेताचा म्हणून सपाट. मेळघाटात पाऊस वाढतो, तशी इथलीही छपरे उतरती होतात आणि त्यांवर कवेलू येतात.

या बांधणीचा धोका धाब्यातच आहे. गळती थांबवण्यासाठी दरवर्षी नवी माती टाकतात, जुनी मात्र खरवडत नाहीत, आणि वजन वाढत जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मराठवाड्यातल्या अशाच जड छतांनी आणि दगडमातीच्या भिंतींनी हजारोंचे बळी घेतले. पण जिथे लाकडी सांगाडा भक्कम होता, तिथे भिंती ढासळूनही अनेक छते खांबांवर तरली.

म्हणून वाडा पाडण्याआधी खांबांचे बुड तपासावे. बुडाशी कुजलेला खांब तेवढाच कापून नवा जोड देता येतो, आणि धाब्यावरची जादा माती उतरवायला चार मजूर पुरतात.