डोंगरावरून वाट, डोंगराखालून पाणी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात समुद्राचे अरुंद व खोल फाटे डोंगरांच्या पोटात दूरवर शिरलेले आहेत. हिमनदीने कोरलेल्या दरीत समुद्र शिरून असा जो फाटा बनतो, त्यास भूगोलशास्त्रात फ्योर्ड म्हणतात. त्यांपैकी डाउटफुल साउंड हा सुमारे ४० किलोमीटर लांबीचा फ्योर्ड एका दिवसात पाहून परतता येतो. मात्र तेथवर सलग रस्ता नाही. आधी सरोवर, मग खिंड आणि शेवटी समुद्र, असा हा प्रवास आहे.

सकाळी यांत्रिक नौका मानापोरी सरोवरातून निघते. वनाच्छादित बेटे मागे टाकीत ती पश्चिमेकडील डोंगरांच्या कुशीत शिरते. या सरोवराचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे १७८ मीटर उंच आहे आणि त्याची खोली आहे ४४४ मीटर. म्हणजेच त्याचा तळ समुद्रसपाटीच्याही बराच खाली गेला आहे. वाहती नदी आपले पात्र इतके खाली खोदू शकत नाही. हिमयुगात येथून सरकणाऱ्या प्रचंड हिमनद्यांनीच हा कठीण खडक कोरून काढला.

सरोवराच्या पश्चिम टोकाशी प्रवाशांची वाट व पाण्याची वाट वेगळी होते. प्रवासी बसगाडीने ६७१ मीटर उंचीची विल्मट खिंड चढू लागतात. सरोवराचे पाणी मात्र उभ्या नळांतून खोल भूगर्भातील वीजगृहात कोसळते, तेथील चक्रे फिरविते आणि सुमारे १० किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून डोंगराखालून पुढे जाते. खिंडीचा रस्ताही या वीजगृहासाठीच १९६०नंतरच्या दशकात बांधला गेला. अवजड यंत्रे फ्योर्डमध्ये जहाजातून उतरवून याच रस्त्याने वर नेण्यात आली.

खिंडीच्या दोन्ही अंगांस दक्षिणी बीच वृक्षांचे दाट अरण्य आहे. उभ्या कातळावर माती जवळजवळ नसते. प्रथम शेवाळ व दगडफूल खडकास चिकटतात, त्यांवर नेचे वाढतात, आणि मग वृक्ष एकमेकांच्या मुळांत मुळे गुंतवून उभे राहतात. अतिवृष्टीत एका वृक्षाचा आधार सुटला, की तो खालच्या वृक्षांनाही ओढून नेतो व उतारावर नुसता कातळ उरतो. त्या कातळावर शेवाळापासून पुन्हा आरंभ होतो.

खिंड उतरल्यावर डीप कोव्ह येथे फ्योर्डचे पाणी लागते. इ. स. १७७० मध्ये कप्तान कुक याने याचे मुख समुद्रावरून पाहिले. परंतु आत गेल्यास बाहेर पडण्याजोगा वारा मिळेल की नाही, या शंकेने तो आत शिरला नाही. ‘डाउटफुल’ म्हणजे शंकास्पद, हे नाव त्या शंकेतून आले. १७९३ साली मालास्पिना याच्या स्पॅनिश मोहिमेतील नाविक होडीतून आत आले. त्यांची नावे येथील भूभागांस आजही आहेत.

आतील पाणी ४०० मीटरांहूनही खोल असून मुखाशी तळ उंचावलेला आहे. वर्षाकाठी काही मीटर पाऊस पडतो. ते गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे वर तरंगत राहते. अरण्यातील पालापाचोळ्याचा अर्क मिसळल्याने त्यास चहासारखा रंग येतो व तो सूर्यप्रकाश अडवितो. त्यामुळे एरवी खोल, अंधाऱ्या समुद्रात वाढणारे काळे पोवळे येथे पृष्ठभागापासून थोड्याच अंतरावर आढळते. त्याचा सांगाडा काळा असतो. जिवंतपणी मात्र ते पांढरे दिसते.

डोंगराखालून निघालेले पाणीही डीप कोव्ह येथेच फ्योर्डला मिळते. पूर्वी ते वायाऊ नदीने दक्षिण किनाऱ्याकडे जात असे. १९६९ मध्ये वीजनिर्मिती सुरू झाल्यापासून त्याचा मोठा भाग पश्चिमेकडे वळला आणि २००२ मध्ये दुसरा बोगदा खुला झाला. आता फ्योर्डच्या आतल्या भागात गोड्या पाण्याचा थर अधिक जाड असतो, आणि काठालगतच्या खडकांवरील खाऱ्या पाण्यातील जीवांची वस्ती तेथे विरळ झाली आहे.

टिवाई पॉइंट येथील ॲल्युमिनियमच्या कारखान्यास वीज मिळावी, म्हणून सरोवराची पातळी सुमारे ३० मीटरपर्यंत वाढविण्याची मूळ योजना होती. तसे झाले असते, तर काठावरील अरण्य बुडाले असते. १९७० मध्ये सुमारे २,६५,००० नागरिकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. १९७२ च्या निवडणुकीत हा प्रश्न गाजला, आणि १९७३ मध्ये नव्या सरकारने सरोवराच्या पातळीवर देखरेख करणारे मंडळ नेमले. पातळी नैसर्गिक मर्यादेतच राहिली.

सरोवराचा काठ असा वाचला. फ्योर्डमधील पाण्याचा समतोल मात्र बदलला. बुडणारे अरण्य सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. पाण्याखालचा काठ कोणास दिसत नव्हता. सायंकाळी परतीची नौका सरोवर ओलांडते, तेव्हा शाबूत काठ प्रवाशांच्या दृष्टीस पडतो. खिंडीपलीकडे काय पालटले, हे जाणण्यास मात्र पाण्यात बुडी मारून मोजमाप घेणारे शास्त्रज्ञच लागतात.