जुन्या मोटारींचे सुटे भाग : किमतीची घासाघीस

नव्या मोटारगाडीच्या सुट्या भागाची किंमत कारखानदार ठरवतो आणि ती वेष्टणावर छापलेली असते. गिऱ्हाईक ती देतो किंवा दुसऱ्या दुकानात जातो. परंतु ज्या गाडीचा कारखाना साठ-सत्तर वर्षांपूर्वी बंद पडला आहे, तिच्या दिव्याची, पाण्याच्या पंपाची किंवा कार्ब्युरेटरची किंमत कोणी छापून ठेवलेली नसते. तिथे किंमत जन्माला येते ती दोन माणसांच्या संभाषणात. हे संभाषण वरवर पाहता नुसती घासाघीस वाटते. तथापि त्याच्या तळाशी टंचाई, ज्ञान, श्रम आणि विश्वास या चार गोष्टींचा हिशेब चाललेला असतो. तो हिशेब समजून घेतला म्हणजे या व्यवहारातील बरेचसे गूढ नाहीसे होते.

भाग दुर्मिळ का झाले?

ब्रिटनमधील शौकीन मंडळी ‘विंटेज’ हा शब्द १९१९ ते १९३० या काळात तयार झालेल्या गाड्यांपुरता वापरतात. भारतात मात्र त्याचा अर्थ पुष्कळ सैल आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती केली, तिच्यानुसार पन्नास वर्षांहून जुने आणि मूळ स्वरूपात राखलेले वाहन या वर्गात येते.

आपल्या देशात अशा गाड्यांचे भाग मिळणे कठीण का, याचे उत्तर इतिहासात आहे. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे गाड्यांची जुळणी सुरू केली. फोर्डनेही त्या सुमारास भारतात जुळणी आरंभली. या गाड्यांचे भाग परदेशातून पेट्यांत भरून येत आणि येथे ते फक्त जोडले जात. स्वातंत्र्यानंतर, १९५३ च्या सुमारास, भाग देशातच बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या जुळणी कारखान्यांना वाव ठेवायचा नाही असे धोरण सरकारने स्वीकारले आणि परदेशी कंपन्यांनी आपले कारखाने बंद केले. मैदानात उरले ते हिंदुस्थान मोटर्स, प्रीमियर ऑटोमोबाइल्स आणि मद्रासची स्टँडर्ड कंपनी यांसारखे मोजके उत्पादक. जुन्या शेव्हरोले, ब्युइक किंवा ऑस्टिन गाड्यांच्या मालकांना भाग मिळण्याचा राजमार्ग त्यामुळे बंद झाला, आणि आयात परवान्यांच्या काळात आडवाटही बिकटच राहिली.

अशा वेळी गाडी चालती ठेवण्याचे काम मिस्तरींनी केले. मूळ इंजिन थकले की ते काढून त्याजागी ॲम्बॅसडरचे किंवा एखादे डिझेल इंजिन बसवले जाई. मूळ इंजिन भंगारात जाई आणि तिथून बहुधा भट्टीत. गाडी वाचली, पण तिचे भाग नाहीसे झाले. आज जे भाग सापडतात ते या भट्टीतून चुकलेले अवशेष होत. मुंबईचा चोरबाजार, दिल्लीची मायापुरी, कोलकात्याचा मल्लिक बाजार आणि चेन्नईचे पुदुपेट ही ठिकाणे अशा मालासाठी दीर्घकाळ ओळखली गेली आहेत.

किमतीच्या दोन मर्यादा

कोणत्याही घासाघिशीला एक तळ असतो आणि एक छत असते. विक्रेत्याचा तळ म्हणजे मोडीचा भाव. पितळेचा रेडिएटर कोणीच घेतला नाही तरी तो वजनावर विकला जाईल. त्याहून कमी भावात तो देण्याचे विक्रेत्याला कारणच नाही. खरेदीदाराचे छत म्हणजे त्याच्यापुढील दुसऱ्या मार्गाचा खर्च. तो भाग लेथवर नवा करून घेता येईल का? परदेशातून मागवला तर वाहतूक आणि जकात धरून तो कितीला पडेल? या खर्चाहून अधिक किंमत शहाणा खरेदीदार देणार नाही.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, १९३० च्या दशकातील एका गाडीचा पाण्याचा पंप भंगाराच्या दुकानात पडला आहे. मोडीच्या भावाने त्याचे ४०० रुपये येतात. तोच पंप परदेशातून मागवल्यास सर्व खर्च धरून १४,००० रुपये पडतील. या दोन आकड्यांमधील १३,६०० रुपयांचे अंतर हेच घासाघिशीचे खरे मैदान. सौदा यात कुठेही झाला तरी दोघांनाही काही ना काही लाभच होतो. प्रश्न उरतो तो लाभाच्या वाटणीचा. विक्रेत्याला १४,००० हा आकडा ठाऊक नसेल, तर किंमत खालच्या टोकाकडे झुकते. खरेदीदार उतावीळ आहे हे विक्रेत्याने ओळखले, तर ती वरच्या टोकाकडे सरकते.

छताची उंची भागाच्या स्वरूपावरही अवलंबून असते. साधा पितळी बुश कोणताही कुशल लेथ कारागीर अर्ध्या दिवसात करून देतो; म्हणून मूळ बुशला फारशी किंमत येत नाही. याउलट सिलिंडर हेडसाठी आधी लाकडी साचा, मग ओतकाम आणि मग यंत्रावरील काम करावे लागते. साहजिकच त्याचे छत फार उंच असते. जो भाग पुन्हा करणे सोपे, तो जुना असला तरी स्वस्त. जो पुन्हा करणे दुष्कर, तो गंजलेला असला तरी महाग, असा हा साधा नियम आहे.

ज्ञानाचे मोल

या बाजारात पैशापेक्षाही ज्ञान अधिक उपयोगी पडते. याची दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत.

मॉरिस कंपनीने १९२३ मध्ये कोव्हेंट्री येथील हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तेथील यंत्रे मेट्रिक आटे पाडणारी होती. परंतु इंग्लंडमधील मिस्तरींचे पाने व्हिटवर्थ मापाचे होते. म्हणून मॉरिसच्या इंजिनांसाठी बोल्ट तयार झाले ते असे : डोके व्हिटवर्थ पान्याला बसणारे आणि आटे मात्र मेट्रिक. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘विलायती बोल्ट’ म्हणून भरलेली पिशवी विकत घेतो आणि घरी आल्यावर त्यातील एकही बोल्ट बसत नाही. ज्याला हे ठाऊक आहे तो त्याच ढिगातून नेमके आठ बोल्ट निवडतो आणि बाकी सारे दुकानदाराला परत करतो.

दुसरे उदाहरण ॲम्बॅसडरचे. या गाडीत पुढे जे १४८९ घन सेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन बसवले गेले, ते ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतील होते. आणि त्याच मालिकेचे, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन १९५५ साली निघालेल्या एमजीए या स्पोर्ट्स गाडीतही होते. त्यामुळे काही अंतर्गत भाग दोन्हीकडे चालतात. दुकानात जाऊन एमजीचा भाग मागणारा शौकिनाची किंमत मोजतो. तोच भाग ॲम्बॅसडरचा म्हणून मागणारा टॅक्सीवाल्याची किंमत मोजतो. अर्थात प्रत्येक भाग जुळेलच असे नाही. म्हणून ओतीव अंक आणि मापे पडताळून पाहणे अगत्याचे असते.

भागावरील खुणाही बोलक्या असतात. लुकास कंपनीच्या अनेक डायनॅमोंवर आणि स्टार्टरांवर त्यांच्या निर्मितीचा महिना व वर्ष कोरलेले आढळते. गाडीच्या वर्षाशी जुळणारा अंक असला तर स्पर्धेसाठी गाडी सजवणारा मालक त्याच भागाला कितीतरी अधिक किंमत देतो. जो फक्त गाडी चालवू इच्छितो, त्याला त्या अंकाचे काहीच मोल नसते.

दोष आणि त्यांची वजाबाकी

माल हाती आला की त्याची परीक्षा सुरू होते. ओतीव लोखंडाच्या भागात बारीक तडा असल्याची शंका आली तर मिस्तरी त्यावर रॉकेल लावतात, ते कोरडे पुसतात आणि वर खडूची पूड चोळतात. तड्यात शिरलेले रॉकेल हळूहळू बाहेर येते आणि पांढऱ्या खडूवर काळसर रेघ उमटते. मॅग्नेटो हाताने फिरवून ठिणगी पडते का ते पाहतात. कार्ब्युरेटरचा दांडा हलवून त्याला किती खेळ आहे ते तपासतात.

घासाघिशीतील एक महत्त्वाचे तत्त्व येथे लक्षात घेतले पाहिजे. मालाची नालस्ती करणे आणि मालाचा दोष दाखवणे यात फरक आहे. ‘हे काय भंगार आहे’ असे म्हणणारा विक्रेत्याचा मान दुखावतो आणि विक्रेता हट्टाला पेटतो. ‘शेठ, दांडा झिजला आहे, नवा बुश बसवायला मला हजार रुपये पडतील’ असे म्हणणारा दुरुस्तीचा खर्च वजा करून मागतो. पहिल्या बोलण्याला उत्तर नसते. दुसऱ्याला असते, आणि ते बहुधा किमतीच्या रूपाने मिळते.

बोलणी

पहिला आकडा कोणी उच्चारावा, हा या बाजारातील जुना पेच. अनुभवी दुकानदार ‘तुम्हीच सांगा’ म्हणून चेंडू गिऱ्हाइकाकडे टोलवतो, कारण गिऱ्हाइकाच्या आकड्यावरून त्याची गरज आणि माहिती दोन्ही उघड होतात. ज्याला भाव नीट ठाऊक आहे त्याने आकडा सांगायला हरकत नाही, कारण पुढची सारी बोलणी त्या आकड्याभोवती फिरतात. ज्याला ठाऊक नाही त्याने विचारावे, ऐकावे आणि निमूटपणे दुसऱ्या दुकानात तोच प्रश्न करावा.

सकाळची पहिली विक्री, म्हणजे भवानी, रिकामी जाऊ नये असे अनेक दुकानदारांना वाटते. त्या वेळी थोडी सवलत मिळू शकते. एकाच वेळी चार भाग घेतल्यास प्रत्येकी किंमत उतरते, कारण दुकानदाराची जागा मोकळी होते. रोख पैशाचेही वजन असतेच.

परदेशातील रीत याहून थोडी निराळी आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी १९५५ पासून, तर इंग्लंडमध्ये ब्यूली येथे १९६७ पासून जुन्या भागांचे मोठे बाजार भरत आले आहेत. तेथे मालावर पुष्कळदा किमतीची चिठ्ठी असते, पण ती शेवटचा शब्द मानली जात नाही. उत्तम माल पहिल्या सकाळीच जातो. अखेरच्या तासांत मात्र जड माल परत वाहून नेण्याचा कंटाळा आलेला विक्रेता नरम पडतो. तात्पर्य, दुर्मिळ वस्तूसाठी लवकर जावे आणि बोजड वस्तूसाठी उशिरा.

विक्रेत्याची बाजू

घासाघीस नेहमी चतुर दुकानदाराशीच होते असे नाही. पुष्कळदा भाग विकणारे लोक गाडीच्या दिवंगत मालकाचे वारस असतात. गॅरेजमध्ये लाकडी पेट्या असतात, त्यांत काय आहे हे कोणालाच ठाऊक नसते, आणि दाराशी आलेला कबाडी सगळ्याला मिळून वजनाचा भाव सांगतो. अशा विक्रेत्यांनी चार गोष्टी पाळाव्यात. भागांची ओळख पटल्याखेरीज सौदा करू नये. घासून-पुसून त्यांच्यावरील अंक व मूळ मुलामा घालवू नये. जोडीचे दिवे किंवा संचातील मापयंत्रे सुटी विकू नयेत. आणि किमान दोन जाणकारांकडून किंमत घ्यावी.

येथे नीतीचा एक प्रश्न उभा राहतो. पेटीतील वस्तू अनमोल आहे हे ओळखणाऱ्या खरेदीदाराने ते सांगावे काय? भारतीय करार कायदा, १८७२, हा केवळ मौनाला सामान्यतः फसवणूक मानत नाही आणि किंमत अपुरी होती एवढ्याच कारणाने करार रद्दही ठरवत नाही. मात्र विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटे उत्तर देणे ही फसवणूकच होय. कायद्याची रेषा येथे संपते. पण शौकिनांचे जग लहान आहे. वारसांना लुबाडल्याची वार्ता सर्वत्र पोचते आणि पुढची पेटी त्या खरेदीदारासमोर उघडली जात नाही.

मालकीचा प्रश्न

फार स्वस्त मिळणाऱ्या मालाबद्दल आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. मालविक्री कायदा, १९३०, याचे सर्वसाधारण तत्त्व असे की विक्रेत्याची जेवढी मालकी असेल तेवढीच खरेदीदाराला मिळते. चोरीचा भाग चांगली किंमत देऊन घेतला तरी तो आपला होत नाही. आणि चोरीचा आहे हे जाणून घेतला तर तो गुन्हा ठरतो. मेरठमधील सोतीगंज हा सुट्या भागांचा मोठा बाजार चोरीच्या वाहनांच्या प्रकरणांमुळे २०२१ मध्ये पोलिसांनी बंद केला. म्हणून महत्त्वाच्या भागाची, विशेषतः इंजिनाची, लेखी पावती अंकासह घ्यावी. पावती देण्यास नकार हीदेखील एक माहितीच असते.

भाग की गाडी?

या साऱ्या व्यवहाराची एक कठोर बाजू सांगितली पाहिजे. मोडक्या अवस्थेतील एखादी संपूर्ण गाडी जेवढ्याला विकली जाते, त्याहून अधिक पैसे तिचे भाग सुटे करून विकल्यास पुष्कळदा मिळतात. दिवे एकाला, चाके दुसऱ्याला, गिअरपेटी तिसऱ्याला अशी ती गाडी दहा घरांत वाटली जाते आणि दहा गाड्या थोड्या थोड्या सजतात. परंतु अकरावी कायमची नष्ट होते. २०२१ च्या नियमांनी सांगाडा, कवच आणि इंजिन यांत फेरबदल नसण्यावर भर दिल्यामुळे मूळ भाग एकत्र असलेल्या गाडीचे महत्त्व आता वाढले आहे.

म्हणून पूर्ण गाडी समोर असताना ‘हा दिवा केवढ्याला?’ असे विचारण्यापूर्वी जाणकाराने क्षणभर थांबणे योग्य ठरते. गिऱ्हाईक मिळाले नाही तर विक्रेता गाडी फोडणार नाही. मिळाले तर फोडील. चांगला सौदा म्हणजे किंमत कमी पडलेला सौदा, एवढाच त्याचा अर्थ नाही. ज्या सौद्यानंतर दोघांनाही पुन्हा एकमेकांच्या दारी जाता येते आणि जुनी वस्तू भट्टीऐवजी रस्त्यावर परत येते, तोच या बाजारात फायद्याचा समजला पाहिजे.