सुरतेची थडगी



सुरत हे नाव कानावर पडले की मराठी माणसाला जानेवारी १६६४ आठवतो. शहराबाहेर पडलेली महाराजांची छावणी, किल्ल्यात दडून बसलेला अंमलदार इनायतखान, आणि दक्षिणेकडे निघालेली द्रव्याची ओझी, हे सर्व आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. त्या हकीकतीत एक वाक्य हमखास असते: इंग्रजांनी आणि डचांनी आपापल्या वखारी राखल्या. त्या वेळी इंग्रजांच्या वखारीचा मुख्य होता सर जॉर्ज ऑक्झिंडन. त्याबद्दल त्याला कंपनीने सोन्याचे पदक दिले, आणि बादशहाने जकातीत सवलत दिली. इतके सांगून आपली पुस्तके त्याला सोडून देतात. मग हा गृहस्थ गेला कोठे?

तो कोठेच गेला नाही. तो सुरतेसच आहे. जुन्या कतारगाम दरवाज्याच्या बाहेरच्या अंगाला इंग्रजांचे जुने दफनस्थान आहे. तेथे एक दुमजली घुमटी इमारत उभी आहे. सुमारे चाळीस फूट उंच आणि पंचवीस फूट रुंद. तिच्याखाली १४ जुलै १६६९ रोजी वारलेला हा सर जॉर्ज आणि त्याच्याआधी दहा वर्षे, १६५९ मध्ये, वारलेला त्याचा भाऊ ख्रिस्तोफर असे दोघे आहेत. जवळच डचांचे दफनस्थान आहे, आणि त्याला लागून आर्मेनियन लोकांचे. तिन्ही जागा पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या आहेत. या जागांविषयी आज मला बोलायचे आहे. थडग्यांवर व्याख्यान, आणि तेही वसंत ऋतूत, हे काहींना विपरीत वाटेल. परंतु थोडा वेळ सबूर करावी, अशी विनंती आहे.

प्रथम एक शंका उघडपणे मांडतो, कारण ती आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणार. आपण बहुतेक लोक प्रेताला अग्नी देणारे. अस्थी नदीत सोडल्या की देहाचा हिशेब संपला, अशी आपली धारणा. संतांची समाधी, वीराचा वीरगळ, सतीची शिळा, क्वचित एखाद्या सरदाराची छत्री, यापलीकडे मृतांसाठी जागा अडवून ठेवण्याची आपली चाल नाही. तेव्हा कोणा परक्या व्यापाऱ्यांची, त्यातही पुढे आपल्यावर राज्य केलेल्यांच्या पूर्वजांची, थडगी जपण्याचे आपल्याला काय कारण? इतिहासाचे पुरावे दप्तरात असतात. ते दप्तरात वाचावेत.

या शंकेला माझे उत्तर असे आहे की सुरतेची ही थडगी परकी नाहीत. निदान आपण समजतो तितकी तर मुळीच नाहीत.

ऑक्झिंडन बंधूंच्या इमारतीसमोर उभे राहावे आणि आत कोण आहे हे क्षणभर विसरावे. काय दिसते? भक्कम खांब, त्यांवर कमानी, वर सज्जा, आणि एकावर एक असे दोन घुमट. विटांचे बांधकाम आणि त्यावर चुन्याचा गिलावा. इंग्लंडातल्या कोणत्याही गावी त्या काळी अशी कबर नव्हती. तेथे प्रतिष्ठित माणसाला चर्चच्या आत, फरशीखाली पुरीत आणि भिंतीवर एक कोरीव पाटी बसवीत. ही जी इमारत आहे तो सरळसरळ आपल्याकडचा रोजा आहे. सुरतेचा किल्ला बांधणारा ख्वाजा सफर १५४६ मध्ये दीवच्या वेढ्यात पडला. त्याचा रोजा सुरतेतच आहे. असे रोजे पाहिलेल्या, बांधलेल्या, दुरुस्त केलेल्या गवंड्यांनीच इंग्रजांचे हे काम केले. कारागीर येथले, चुना येथला, घडणही येथली. फक्त मृत माणूस तेवढा बाहेरचा.

इंग्रजांनी असे का केले? हौस हे एक कारण असेल, पण खरे कारण व्यापाराचे होते. सुरत हे मोगल बादशाहीचे बंदर. तेथे इंग्रज राज्यकर्ते नव्हते. परवान्यावर राहणारे, अंमलदारांची मर्जी सांभाळणारे पाहुणे होते. मोगल शहरात मोठा माणूस कोण, हे त्याच्या कबरीवरून कळे. तेव्हा आमचा अध्यक्षही मोठा माणूस होता, हे शहराला शहराच्याच भाषेत सांगणे भाग होते. डचांना ते पाहवले नाही, आणि त्यांनी आपले थडगे त्याहून मोठे बांधले. दोन वखारींची चढाओढ निळीच्या आणि कापडाच्या गाठींवर चालतच होती; ती मेलेल्यांच्या डोक्यावरही चालली. हसू येते खरे, पण त्या काळच्या सुरतेचे पाणी कसे होते, हे यावरून जितके उमगते तितके दहा खलित्यांवरून उमगत नाही.

आता शिलालेख पाहा. ख्रिस्तोफर ऑक्झिंडनचा मृत्युलेख लॅटिन पद्यात आहे. एरवी अशा लेखांत देवदूत आणि अश्रू यांची रेलचेल असते. येथे मात्र सर्व भाषा वहीखात्याची आहे! त्याचा आशय असा, की हा हिशेबनीस दिवसच मोजू शकला, वर्षे मोजण्याची वेळ आली नाही, कारण मृत्यूने घाईने हिशेब मागितला. मालकांनी विचारले, नफा काय आणि तोटा काय? तर मालकांचा चाकर गेला, सोबत्यांचा सोबती गेला, त्याचा स्वतःचा जीव गेला. पण समोरच्या बाजूला, म्हणजे जमेला, मृत्यूने त्याच्या नावे लाभ लिहावा. वखारीत बसून रोजकीर्द लिहिणाऱ्या माणसासाठी त्याच्या सोबत्यांना यापेक्षा जवळची उपमा सुचली नसती. सर जॉर्जच्या लेखात वाचणाऱ्याला मित्र म्हणून हाक मारली आहे आणि ही एवढी मोठी इमारत कशासाठी, हा प्रश्न त्याच्याच तोंडी घातला आहे. उत्तर असे, की जिवंतपणी ज्या भावांचे एकमेकांवर निरतिशय प्रेम होते, ते मरणानंतरही एकत्र आहेत. मृत्युलेखात स्तुतीची भेसळ असते, हे मान्य. पण काय सांगावेसे वाटले, हेही एक सत्यच असते.

आर्मेनियन लोकांची थडगी मात्र जमिनीलगत आहेत. घुमट नाही, सज्जा नाही; सपाट शिळा आणि त्यांवर त्यांच्या लिपीतली अक्षरे. इराणातून आलेली ही व्यापारी जमात. फारसी त्यांना अवगत, दरबारच्या रीती माहीत. त्यामुळे इंग्रजांना त्यांची गरज पडे, आणि १६८८ मध्ये कंपनीने लंडनला त्यांच्याशी रीतसर करारही केला. त्यांच्या मागे आरमार नव्हते, पुढे राज्यही झाले नाही. त्या शिळा वाचू शकणारे लोक आज फार थोडे आहेत.

यापुढची हकीकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. १६८३ साली एक तरुण इंग्रज कंपनीच्या नोकरीत सुरतेस आला. त्याचे नाव जॉन व्हॅनब्रू. वर्ष-दोन वर्षे राहून तो परत गेला. पुढे नाटककार म्हणून गाजला आणि नंतर वास्तुकार म्हणून त्याहून अधिक गाजला. ब्लेनहाइमचा प्रचंड प्रासाद त्याच्याच आराखड्याचा. (योगायोग असा की त्याचा बाप्तिस्मा लंडनमध्ये झाला तो जानेवारी १६६४ मध्येच.) १७११ मध्ये लंडनला पन्नास नवी चर्चे बांधण्याचे ठरले, तेव्हा व्हॅनब्रूने आपल्या सूचना लेखी दिल्या. त्यांत त्याने आग्रह धरला की चर्चच्या आत आणि आवारात प्रेते पुरण्याची पद्धत बंद करावी. त्यासाठी शहराबाहेर मोकळी जागा घ्यावी, तिला भिंत घालावी, झाडे लावावीत आणि तेथे भारदस्त स्मारके उभारू द्यावीत. आणि असे कोठे केले जाते, याचे उदाहरण म्हणून त्याने सुरतेचे नाव लिहिले. सोबत तेथल्या थडग्यांचे रेखाटनही काढून दिले.

या सूचनेचे मोल कळण्यासाठी त्या काळचे लंडन डोळ्यांसमोर आणले पाहिजे. चर्चची फरशी पुन:पुन्हा उखडून प्रेते पुरीत. आवारे इतकी भरलेली असत की नवा खड्डा खणताना जुनी हाडे वर येत. दुर्गंधी, रोगराई आणि विटंबना या तिन्हींची तेथे वस्ती होती. सुरतेत मात्र इंग्रजांजवळ पुरण्यासाठी चर्चच नव्हते. त्यामुळे त्यांना या देशातल्या लोकांप्रमाणे शहराबाहेर, उघड्या आभाळाखाली जागा घ्यावी लागली. अडचणीतून निघालेली ही वाट अधिक शहाणपणाची होती, हे व्हॅनब्रूच्या नजरेने टिपले. लंडनने त्याचे तेव्हा ऐकले नाही. पॅरिसमध्ये पेर लाशेझ हे उद्यानासारखे दफनस्थान १८०४ मध्ये सुरू झाले. लंडनचे केन्सल ग्रीन १८३३ मध्ये, म्हणजे पटकीची मोठी साथ येऊन गेल्यावर. आणि शहरातल्या भरलेल्या आवारांत दफन बंद करण्याचा कायदा १८५२ मध्ये झाला. सुरतेहून निघालेले पत्र पोहोचायला जणू शंभरावर वर्षे लागली.

तेव्हा, युरोपात आज जी झाडीभरली, प्रशस्त दफनस्थाने लोक तिकीट काढून पाहतात, त्या कल्पनेच्या वंशावळीत आमच्या तापीकाठच्या या गावाचे नाव आहे. ही थडगी इंग्रजांनी येथे आणली असे म्हणण्यापेक्षा येथून नेली असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल.

डचांच्या बाजूला जाऊ. तेथले सर्वांत मोठे थडगे हेन्ड्रिक आद्रियान व्हान ऱ्हेडे याचे. दुहेरी घुमट, खाली-वर खांबांचे सज्जे. एके काळी आत चित्रे, कुलचिन्हे आणि लाकडावरचे कोरीव काम होते. कंपनीच्या नोकरांची लाचलुचपत खणून काढण्यासाठी त्याला १६८४ मध्ये पूर्वेकडे पाठवले होते. हे काम करीत करीत सुरतेकडे येत असताना १५ डिसेंबर १६९१ रोजी तो जहाजावरच वारला. अशा तपासनिसाचे थडगे त्याच्याच खात्याने इतके भव्य बांधावे, यात गंमत आहे. दुःख किती आणि सुटकेचा निःश्वास किती, हे दगडावर लिहिलेले नसते.

परंतु जगाला व्हान ऱ्हेडे माहीत आहे तो दुसऱ्याच कारणाने. तो मलबारात डचांचा मुख्य अधिकारी असताना त्याने तेथल्या वनस्पतींचा एक अफाट ग्रंथ तयार करवला: 'हॉर्टस मलबारिकस'. बारा खंड, अॅमस्टरडॅमला १६७८ ते १६९३ या काळात छापलेले. सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने आणि मोठमोठी चित्रे. पुढे लिनियसने वनस्पतींना नावे देताना त्याचा आधार घेतला. हे ज्ञान व्हान ऱ्हेडेचे नव्हते, आणि त्याचा मोठेपणा असा की त्याने ते लपवले नाही. इट्टी अच्युतन नावाचा ईळव जातीचा वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट हे तीन कोंकणी ब्राह्मण, यांनी ही माहिती पुरवली. पहिल्या खंडात या तिघा पंडितांचे १६७५ चे प्रमाणपत्र त्यांच्याच अक्षरवळणात छापले आहे. भाषा कोंकणी आणि लिपी नागरी! मुंबईत नागरी छापखाने निघण्याच्या कितीतरी आधी, हॉलंडातल्या तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली ही आपली अक्षरे. गोव्यातल्या पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून कोचीकडे गेलेल्या सारस्वतांची ही माणसे. त्यांची समाधी नाही, छत्री नाही. लिहवून घेणाऱ्याचे स्मारक सुरतेस विटाचुन्याचे आहे, सांगणाऱ्यांचे एका पानावर. पण एक माहीत नसेल तर दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

आता जपणुकीविषयी दोन शब्द. अशा इमारतींचे दोन शत्रू आहेत. एक पिंपळ. पक्ष्याने टाकलेले बी घुमटाच्या फटीत रुजते. वरून रोपटे उपटले तरी मूळ आत राहते आणि दरवर्षी फट रुंदावते. दुसरा शत्रू म्हणजे चांगल्या हेतूने वापरलेले सिमेंट. जुनी वीट आणि चुना ओल शोषून घेतात आणि बाहेरही सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुगतात आणि वीट आतून भुसभुशीत होते. बाहेरून इमारत नवी दिसते, आणि एखाद्या पावसाळ्यानंतर गिलाव्यासकट विटांचे पापुद्रे खाली येतात. येथे चुनाच हवा, आणि चुना मळणारा, त्यातले जाणणारा गवंडीही हवा. अक्षरांची गोष्ट याहून नाजूक. झिजलेला शिलालेख पुन्हा कोरता येत नाही. कोरला तर तो खोटा होतो. तो झिजण्यापूर्वी उतरून घेणे, एवढेच आपल्या हाती असते. १९७६ मध्ये लंडनला स्थापन झालेली एक संस्था दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनस्थानांच्या अशा नोंदी करीत आली आहे. आर्मेनियन शिळांसाठी, आपल्या वीरगळांसाठी, गावोगावच्या समाध्यांवरील चार-चार ओळींसाठी तेच काम गावकऱ्यांनाच करावे लागेल.

आणि ज्यांच्या मनात पहिली शंका अजून शिल्लक असेल, त्यांना मी नर्मदेकाठी रावेरखेडीस नेईन. थोरले बाजीराव पेशवे २८ एप्रिल १७४० रोजी तेथे वारले. त्यांची समाधी तेथेच आहे. पुण्यापासून शेकडो मैल दूर, दुसऱ्या राज्यात, जेथल्या लोकांचा पेशव्यांशी आज काही संबंध उरलेला नाही. त्या समाधीची हेळसांड झाल्याचे कानावर आले की आपल्याला राग येतो. तेथल्या लोकांनी ती आपली समजून जपावी, असे आपण धरून चालतो. कतारगामच्या घुमटाखाली पडलेल्या भावांसाठी सुरतकरांकडून केलेली अपेक्षा यापेक्षा निराळी नाही.

सुरतेस कापड खरेदीला आपल्यापैकी पुष्कळजण जातात. पुढच्या खेपेस सकाळचा एक तास राखून ठेवावा, आणि ऑक्झिंडनच्या इमारतीत शिरण्यापूर्वी जिथे गिलावा पडला आहे तिथे थांबावे. उघड्या पडलेल्या विटा पाहाव्यात. त्या रचणाऱ्या गवंड्यांचे नाव कोणत्याही शिळेवर नाही. १६६९ मध्ये ते काम करणाऱ्यांपैकी कित्येकांनी पाच वर्षांपूर्वीची ती जानेवारी सुरतेतच काढली असेल.