अल्पभार अर्भके व चयापचय
अल्पभार अर्भके व चयापचय : जन्मतः २,५०० ग्रॅ.पेक्षा कमी वजन असणाऱ्या अर्भकास अल्पभार अर्भक म्हणतात. गर्भकाळाचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले अर्भक अकालजात होय. अर्भक अकाली जन्मल्याने, गर्भाशयात वाढ अपुरी राहिल्याने किंवा दोन्ही कारणांनी अल्पभार असू शकते. नवजात शिशुकक्षांमुळे अशी पुष्कळ अर्भके आता वाचतात. म्हणून त्यांच्या पुढील आरोग्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

गर्भाचे पोषण अपुरे असल्यास मेंदूची वाढ शक्य तितकी राखली जाते. स्नायू, स्वादुपिंड, मूत्रपिंडे इत्यादींची वाढ मागे पडते. ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायूंत वापरला जातो. स्नायू कमी व मेद अधिक असल्यास इन्शुलिनाची परिणामकारकता घटते आणि प्रौढपणी मधुमेह, रक्तदाबाधिक्य व हृद्‌रोग यांचा संभव वाढतो. न्यूझीलंडमध्ये ३२ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या मुलांतही ४ ते १० वर्षे वयात असा इन्शुलिन-रोध आढळला (२००४).

महाराष्ट्रात या विषयाचा पाया पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे सहकारी यांनी घातला. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात अर्भकांचे सरासरी वजन सु. २.७ किग्रॅ. आढळले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथे ते सु. ३.५ किग्रॅ. होते. मात्र पुण्याच्या अर्भकांत स्नायू कमी असूनही त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता. म्हणजे कृश दिसणारे मूलही मेदयुक्त असू शकते. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या मुलांच्या दुसऱ्या एका अभ्यासात, जन्मतः लहान परंतु आठव्या वर्षी अंगाने मोठी झालेली मुले इन्शुलिन-रोधाच्या दृष्टीने सर्वांत प्रतिकूल स्थितीत आढळली (१९९९).

नांदेड, लातूर यांसारख्या जिल्ह्यांत या निष्कर्षांना व्यावहारिक महत्त्व आहे. अकालजात अर्भकाची सुरुवातीची वाढ मेंदूसाठी आवश्यक असते. त्यासाठी मातेचे दूध व उराशी धरून दिलेली ऊब उपयुक्त ठरते. पुढे मात्र मूल गुटगुटीत दिसावे म्हणून गोड व तळलेले पदार्थ भरविणे हितावह नाही. वजनाबरोबर उंचीचीही नोंद ठेवावी, मुलास खेळू द्यावे आणि डॉक्टरांस जन्मवजन आवर्जून सांगावे. मोठेपणी रक्तदाब व रक्तशर्करा वेळोवेळी तपासणे इष्ट होय. पुण्याच्या खेड्यांत हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची अर्भके आकाराने मोठी, तर जड श्रम करणाऱ्या मातांची लहान आढळली. यावरून या विकारांचा प्रतिबंध मातेच्या आहारापासून व विश्रांतीपासूनच सुरू होतो, असे दिसते.