भंडारदऱ्याच्या जलाशयाला सायकलची प्रदक्षिणा

अकोले तालुक्याची हद्द जेथे सह्याद्रीच्या कड्यावर येऊन एकाएकी संपते, तेथे कळसूबाई, अलंग, मदन, कुलंग आणि रतनगड यांच्या कोंदणात भंडारदऱ्याचा जलाशय पसरला आहे. मुंबई इलाख्याचे तत्कालीन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते १९२६ साली ज्याचे उद्घाटन झाले, त्या सुमारे ८२ मीटर उंचीच्या दगडी धरणाने येथे प्रवरेला अडविले असून, सुमारे अकरा अब्ज घनफुटांचा तो संचय पाहण्यास मोटारींची रीघ लागते; परंतु धरणाच्या भिंतीवरून जे दिसते ते केवळ पाणी होय, आणि त्या पाण्याची हकीकत जाणून घ्यावयाची असेल, तर सभोवारची चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरांची वाट सायकलवरूनच, आणि तीही समुदायाने, तुडविली पाहिजे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

यास योग्य काळ दिवाळीच्या आसपासचा. पाऊस ओसरलेला असतो, जलाशय काठोकाठ भरलेला असतो आणि खाचरांतून भाताची कापणी चाललेली असते. धरणालगतच्या शेंडी गावाहून पहाटे निघून, पाणी उजव्या हातास ठेवून, मुतखेल व कोलटेंभे या गावांवरून आम्ही रतनवाडीकडे निघालो. रस्ता अरुंद व ठिकठिकाणी उखडलेला असल्यामुळे एकामागे एक चालावे, सर्वांत अनुभवी माणसाने सर्वांच्या मागे राहावे, पंप व पंक्चरचे सामान त्याच्याजवळ असावे, आणि चढ संपला की शेवटचा सोबती येईपर्यंत कोणीही पुढे जाऊ नये, हा आमचा शिरस्ता होता. या शेवटच्या नियमाचे मोल मला फार वाटते. कारण वाट पाहण्याच्या त्या सक्तीच्या विसाव्यातच डोळे स्थिरावतात आणि डोंगरावरून उतरणारा एकेक ओहोळ कोणत्या वळणाने जलाशयास मिळतो, ते ध्यानी येते.

रतनवाडीचे अमृतेश्वराचे शिवालय व त्याची कोरीव पुष्करणी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तेथून साम्रदचा चढ मात्र कस पाहणारा आहे. गिअरची सायकल असूनही आमच्यापैकी अर्धेअधिक लोक पायउतार झाले. पुढे घाटघरला कोकणकड्याशी आले की भूगोलाचा एक सिद्धान्त प्रत्यक्ष पायांखाली येतो: या धारेच्या पश्चिमेस पडलेले पाणी कोकणातून अरबी समुद्रास जाते आणि पूर्वेस पडलेले प्रवरा-गोदावरीच्या मार्गाने बंगालच्या उपसागरास मिळते. या कड्याच्या उंचीभेदाचा लाभ घेऊन येथे २५० मेगावॉटचे उदंचन जलविद्युत केंद्र उभारले आहे. विजेची मागणी कमी असताना खालच्या तलावातील पाणी वर चढवावयाचे आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज निर्माण करावयाची, असा तो व्यवहार आहे.

दुपारी एका महादेव कोळी कुटुंबाच्या ओसरीवर तांदळाची भाकरी व पिठले जेवलो. पावसाळ्यात छप्पर फाटेल असा पाऊस कोसळणाऱ्या या मुलखात चैत्र-वैशाखात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो, असे घरच्या आजींनी सांगितले. पाऊस अमाप, पण बेसाल्टच्या उतारावर तो थांबत नाही. आणि जो जलाशयात थांबतो, त्याची पातळी उन्हाळ्यात वाड्यांपासून दूर खाली गेलेली असते. हा अन्याय आहे, आणि तो अन्याय म्हणूनच नोंदविला पाहिजे असे मला वाटते.

पांजरे व मुरशेतवरून उताराने आम्ही सायंकाळी पुन्हा शेंडीस आलो. येथून सुटणारे पाणी ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या व उजव्या कालव्यांत वळते आणि संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकडील शिवारे भिजविते. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला प्रवरानगरचा सहकारी साखर कारखानाही याच खोऱ्यातला. त्या बागायती गावांतल्या तरुणांनी सायकली काढून पुढच्या दिवाळीत साम्रदचा चढ चढावा आणि आजींच्या ओसरीवर बसून त्यांच्या पाण्याची चौकशी करावी, अशी माझी फार इच्छा आहे.